ख्रिश्चनांचा देव एक की तीन? तक्त्यात काय लिहू?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. शाळेत सर्वधर्म प्रदर्शन आहे. आठवीच्या पोरांनी मोठा तक्ता करायला घेतलाय: धर्म, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण आणि शेवटचा रकाना 'देव किती'. हा रकाना पोरांनीच काढला, मी नाही. इस्लाम आणि शीख यांच्यापुढे 'एक' लिहून झालं. जैन-बौद्धांपुढे रेघ. हिंदू धर्मापुढे 'तेहतीस कोटी' लिहिलंय, त्यावरून मुख्याध्यापकांशी माझं वेगळं चालू आहे. गाडी अडली ती ख्रिश्चन धर्मापाशी. वर्गातला एक ख्रिश्चन मुलगा म्हणतो 'एक'. बाकीचे म्हणतात, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे कोण? लेकरू गप्प बसलं.
मला वाटतं हे आपल्या दत्तासारखं असावं. शिरं तीन, देव एक. बरोबर आहे का? जाणत्यांनी सांगावं. वाद नको, माहिती पाहिजे.

लिंबूटिंबू_लातूर
वाद नको म्हणायलाव आन् धर्माचा धागा काढायलाव. मी हुरडा घेऊन बसलो बघा.

बेथेलचा_नातू
ताई, डोळे झाकून 'एक' लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, आम्ही शंभर गोष्टींवर भांडतो, पण यावर नाही.
सुरुवात यहुद्यांपासून करावी लागते. येशू यहुदी, त्याचे पहिले सगळे शिष्य यहुदी. यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो ते अनुवाद (बायबलमधलं एक पुस्तक) ६:४ मधलं वचन: हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं एका शास्त्र्यानं येशूला विचारलं, तेव्हा त्यानं हेच वचन म्हणून दाखवलं (मार्क १२). म्हणजे 'देव एक' हा आमच्या घराचा पायाच आहे. त्याला धक्का लावून पुढचं काही बांधलेलं नाही.
दत्ताचं म्हणाल तर नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यात उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली असतात. पित्या-पुत्रात तसं खातेवाटप नाही.

माहूरगड
खातेवाटप? दत्तमहाराज म्हणजे मंत्रिमंडळ वाटलं का तुम्हाला? गडावर येऊन बघा. आमच्यासाठी दत्त म्हणजे एकच गुरू. शिखरावर डोकं टेकवताना आम्ही तीन हिशोब करत नाही.

पंचकृष्ण
माहूरगड यांच्याशी अर्धा सहमत. आम्ही महानुभाव. दत्तात्रेयप्रभूंना आम्हीही मानतो, पण त्रिमूर्ती म्हणून नाही. आमच्याकडे परमेश्वर एकच आणि देवता हा त्याच्याहून वेगळा वर्ग. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गुंडम राऊळ, चक्रधरस्वामी हे त्या एकाच परमेश्वराचे अवतार. तेव्हा 'नावं अनेक, परमेश्वर एक' हे मराठवाड्याला नवीन नाही. ख्रिश्चनांचंही असंच समजायचं का? एकाच देवानं तीन वेळा घेतलेली तीन रूपं?

संडेस्कूल_मास्तर
जय ख्रिस्त. बीडकडे बरीच वर्षं लेकरांचा संडेस्कूल घेतला. मी त्यांना सोपं सांगायचो: पाणी, बर्फ आणि वाफ. पदार्थ एकच, रूपं तीन. लेकरं खूश, आईबाप खूश.

मेणबत्ती
मास्तर, राग मानू नका, पण हे उदाहरण म्हणजे सबेलियस झाला! तिसऱ्या शतकात रोममध्ये तो साधारण असंच शिकवायचा. देव एकच, तो कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. चर्चनं त्याला बाहेर काढलं. एकच पाणी एकाच वेळी बर्फ होऊन वाफेशी बोलत नाही. येशू तर पित्याशी बोलतो.
पंचकृष्णदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आमच्याकडे ती एकामागून एक घेतलेली रूपं नाहीत. पिता, पुत्र आणि आत्मा अनादिकाळापासून एकाच वेळी आहेत आणि तिघांत नातं आहे. अवतारासारखी गोष्ट म्हणाल तर ती फक्त पुत्राची आणि तीही एकदाच. शिवाय पुनरुत्थानानंतर त्यानं माणूसपण उतरवून ठेवलं असंही आम्ही मानत नाही.

संडेस्कूल_मास्तर
सबेलियस असेल नाहीतर आणखी कोणी. सात वर्षांच्या लेकराला तेवढं पुरतं. पुढचं मोठेपणी पाळकसाहेब बघतील.

नास्तिक_नाना
वा! आता माझी पाळी. तीन प्रश्न.
एक: प्रत्येक जण पूर्ण देव आणि बेरीज मात्र एक, हे कोणत्या गणितात बसतं?
दोन: येशू देव होता तर गेथशेमाने बागेत रात्री प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःला?
तीन: सन ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं निकेयात बिशप गोळा केले, हात वर करायला लावले आणि येशूला देव करून टाकलं. त्याआधी तो साधा उपदेशक होता. म्हणजे हा देव ठरावानं पास झालेला आहे, ग्रामसभेसारखा.

लिंबूटिंबू_लातूर
नाना, ग्रामसभेत कोरम तरी कुठं भरतो?

पोथीवाला
नानांचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो आजकाल फार फिरतो.
निकेया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. तो भाग बिथुनिया प्रांतातला. याच प्रांतात निकेयाच्या दोनशे वर्षं आधी, साधारण ११२ साली, प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांना शिक्षा देत होता. त्यानं त्राजान बादशहाला कळवलंय की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. म्हणजे पूजा आधीपासून चालूच होती. त्याच्याही मागे जा. येशूचा प्रेषित पौल, त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र येशूनंतर जेमतेम पंचवीसएक वर्षांचं. त्यात (८:६) पौल तेच 'देव एकच' वालं यहुदी वचन हाती घेतो आणि म्हणतो: आपला एकच देव, पिता, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं. कट्टर यहुदी माणूस आपल्या सर्वांत पवित्र वचनाच्या आत येशूला बसवतो आणि तरी 'देव एकच' म्हणणं सोडत नाही. सगळा पेच इथला आहे. निकेया हा त्याचा उगम नव्हे.
मग ३२५ ला झालं काय? अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण देवानं निर्मिलेला आहे. 'तो नव्हता असा एक काळ होता.' गंमत बघा, एरियसलासुद्धा देवाचं एकपणच राखायचं होतं. त्याच्या विरोधकांचं म्हणणं: अरे, मग आपण इतकी वर्षं निर्मिलेल्या कोणापुढे तरी गुडघे टेकतोय, हीच तर मूर्तिपूजा झाली! एकतर त्याची आराधना बंद करा, नाहीतर तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे हे कबूल करा. परिषदेनं दुसरं निवडलं. 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, जन्मलेला, निर्मिलेला नव्हे' ही वाक्यं तिथली. त्रैक्याचा (एकाच देवात पिता, पुत्र आणि आत्मा) सिद्धांत म्हणजे एका देवात केलेली वाढ, असं लोकांना वाटतं. वाद बघितला तर तो एकेश्वरवाद वाचवायला घातलेलं कुंपण आहे. एका बाजूनं तीन देव आत येऊ नयेत, दुसऱ्या बाजूनं येशू अर्धा देव होऊ नये.
राहिला कॉन्स्टंटाइन. बादशहानं हुकूम सोडला आणि विषय मिटला असं असतं तर बरं झालं असतं. त्यानंच पुढे एरियसला परत बोलावलं, एरियसचा मोठा विरोधक अथनेशियस याला हद्दपार केलं आणि ३३७ मध्ये मरताना बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस तर उघड एरियसच्या पक्षाकडे झुकलेला. अथनेशियस आयुष्यात पाच वेळा हद्दपार झाला. बादशहाच्या मर्जीनं धर्म ठरला असता तर आज सगळे ख्रिस्ती एरियसचे चेले असते.

बेथेलचा_नातू
पोथीवाले, कडक!
नाना, तुमचा दुसरा प्रश्न खरं तर आमचाच मुद्दा आहे. येशू पित्याला प्रार्थना करतो म्हणूनच पिता आणि पुत्र हे एकाच नटाचे दोन मुखवटे नाहीत. पुत्र पित्याशी बोलतो, आणि बागेत तर खरा माणूस म्हणून घाम गाळून बोलतो. त्यानं स्वतःशी संवाद केला असं आम्ही म्हणत असतो तर तुम्ही आम्हाला पकडलंच असतं.

नास्तिक_नाना
म्हणजे बोलणारे दोघे. दोघे देव. झाले ना दोन देव? मी काय वेगळं म्हणून राहिलो?

मेणबत्ती
नाना, हाच आक्षेप चौथ्या शतकात घेतला गेलाय. पेत्र, याकोब, योहान ही तीन माणसं, मग पिता, पुत्र, आत्मा हे तीन देव का नाहीत? कप्पदुकियातल्या नीसाच्या ग्रेगरीनं यावर छोटं लेखनच केलं. तो म्हणतो, तीन माणसं तीन वेगळी कामं करतात. एक शेत नांगरेल, दुसरा दुकान चालवेल, दोघांची इच्छा वेगळी, भांडणंही होतील. देवाच्या बाबतीत असं नाही. प्रत्येक काम पित्यापासून निघतं, पुत्राद्वारे येतं आणि आत्म्यात पूर्ण होतं. निर्मिती असो की तारण, काम एक, इच्छा एक, सामर्थ्य एक. म्हणून देव एक.
'एक' आणि 'तीन' एकाच गोष्टीचे मोजलेले नाहीत. देव किती? एक. त्या एका देवात कोण? पिता, पुत्र, आत्मा. तीन देव मिळून एक देव असं कोणी म्हणालं तर ते चुकीचंच गणित, आणि तसं आम्ही म्हणत नाही.

नास्तिक_नाना
उत्तर चलाख आहे. पटलं नाही, पण पोरकट नाही एवढं मान्य.

शहागंजवाला
आदाब. मुद्दाम जरा थांबून लिहितोय, कारण घाईत लिहिलं की भांडण होतं.
आमच्याकडे सूरह इख्लास लहान पोरालाही पाठ असते: अल्लाह एक आहे, त्यानं कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही. आणि 'तीन म्हणू नका' असं कुरआनमध्ये (४:१७१) सरळ सांगितलंय. हजरत ईसा आम्हालाही मोठे पैगंबर, कुमारी मरियमचे पुत्र. पण देवाचा पुत्र ही गोष्ट आम्हाला मान्य होऊच शकत नाही.
तरी इमानदारीनं एक सांगतो. अल्लाहचं कलाम (वचन, म्हणजे कुरआन) अनादि आहे की निर्माण केलेलं, यावर आमच्यातही जबर वाद झालाय. खलीफा मामूनच्या काळात 'निर्माण केलेलं' म्हणायला नकार दिला म्हणून इमाम अहमद इब्न हंबल यांना कैद झाली. मुअतझिला नावाच्या विचारपंथाचे लोक म्हणायचे, कलाम अनादि मानलं तर अल्लाहसोबत दुसरं काहीतरी अनादि होतं. तेव्हा 'एकात काय काय मावतं' हा प्रश्न आम्हाला परका नाही. फरक एवढाच की आमच्यात सिफत, म्हणजे गुण, एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना प्रार्थना करत नाहीत. तुमचा पुत्र करतो.

बेथेलचा_नातू
शहागंजवाले भाई, एवढ्या नेमकेपणानं आमच्या पाळकांनीही फरक सांगितला नसेल.
दोन गोष्टी. पुत्र म्हणजे देवानं लग्न करून झालेलं मूल, असं कोणत्याही ख्रिस्ती माणसाला म्हणायचं नाही. ते आम्हालाही निंदाच वाटेल. आणि मरिया त्रैक्यात नाही, हा गैरसमज पुष्कळांचा असतो म्हणून सांगितलं.
दुसरं: योहानाच्या पहिल्या पत्रात 'देव प्रीती आहे' असं म्हटलंय. जग नव्हतं तेव्हा देवाची प्रीती कोणावर होती? येशू प्रार्थनेत म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस (योहान १७). आमच्या दृष्टीनं प्रीती देवाच्या आतच आहे, त्यासाठी त्याला जगाची गरज पडली नाही.

शहागंजवाला
अल्लाह 'समीअ' आहे, ऐकणारा. कोणी बोलत नव्हतं तेव्हाही होता. गुण असायला समोर दुसरा लागतोच असं नाही. तुमचा युक्तिवाद गोड आहे, पण मी इथंच थांबतो. ईदला शिरखुर्मा प्यायला या.

लिंबूटिंबू_लातूर
शिरखुर्म्यावर सर्वधर्म एकमत. ताई, तक्त्यात तो रकाना टाका.

गावकूस
तुमचं सगळं वाचलं. हुशार लोकं आहात. मी आमच्याकडचं सांगतो.
आमचं गाव जालन्याच्या अंगाला. बाप्तिस्मे झाले ते पणजोबाच्या पिढीत. निकेया, एरियस ही नावं आमच्या आजीच्या कानावर कधी पडली नसतील. तिच्या सासूच्या काळी घरावर किती देवांची देणी होती बघा: मरीआईला कोंबडं, म्हसोबाला नारळ, पटकी आली की गावभर उतारा, आन् तो ओढायचा आमच्याच माणसांनी. लेकरू आजारी पडलं की कोणता देव कोपला ते विचारत फिरायचं. आजी म्हणायची, एक देव धरला आन् सगळ्यांची उधारी एकदम मिटली. कोणाला भ्यायचं काम नाही. 'देव एक' हे तिच्यासाठी गणित नव्हतं, मोकळीक होती. आन् तो एकच देव पाटलाचाबी आन् आमचाबी, ही त्यातली खरी गोम.
जेवायच्या आधी ती 'बापा' म्हणून सुरू करायची, 'येशूच्या नावानं' म्हणून संपवायची. झालं तिचं त्रैक्य.

बेथेलचा_नातू
गावकूस, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत वजनदार.
इतरांसाठी: माझं नाव ज्यावरून आहे ते बेथेल जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलं. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्यात मिशनचं काम केलं. आमच्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची मुळं तिकडं जातात.

नास्तिक_नाना
गावकूस भाऊंना मनापासून दाद. पण मग विचारतोच. देव एक झाला, लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' विचारणं थांबलं का? आणि १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला नाही. शिखांना १९५६ ला मिळाला, बौद्धांना १९९० ला. एका देवाचा हिशोब सरकारनं असा केला.

गावकूस
नाही थांबलं नाना. देव एक आहे, माणसं अजून व्हायचीत.

संपादक
आरक्षण आणि दाखले यासाठी वेगळा धागा आहे. इथे मूळ विषयावर राहावे.

माहूरगड
मग मूळ विषयावर विचारतो. देव एक, तर कॅथलिक लोक मतमाउलीपुढे (येशूची आई मरिया) मेणबत्त्या का लावतात? सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला आमच्या शेजारची चार घरं जातात. नवस फेडतात. माझी तक्रार नाही, उलट आपल्यासारखंच वाटतं म्हणून बरं वाटतं.

मेणबत्ती
माझ्या नावामुळे हा प्रश्न मलाच येणार होता! आराधना फक्त देवाची. मरियेला आणि संतांना मान देतो आणि आमच्यासाठी देवाजवळ विनंती करा असं म्हणतो. जसं 'माझ्यासाठी प्रार्थना कर' असं आपण मैत्रिणीला सांगतो. यात्रेच्या गर्दीत ही रेघ प्रत्येकाच्या मनात स्पष्ट असते का? नसते. फादर दरवर्षी प्रवचनात तेच समजावतात.

संडेस्कूल_मास्तर
म्हणूनच आम्ही प्रोटेस्टंटांनी मेणबत्तीच विझवली, वीजबिल भरतो.

मेणबत्ती
आणि नाताळला तुमच्याच मंडळीत पहिली रांग मेणबत्त्यांची!

उदगीरचा_किल्ला
एक शंका. आमच्या भागात एक छोटी मंडळी आहे, तिथं फक्त 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देतात. पिता, पुत्र, आत्मा म्हणत नाहीत. शिवाय यहोवाचे साक्षीदार दारावर येतात, ते म्हणतात त्रैक्य हा शब्दच बायबलात नाही. मग वर 'सगळे एकमत' कसं म्हणता?

पोथीवाला
दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही गट एकमेकांच्या उलट टोकाला आहेत. 'फक्त येशू'वाल्यांची शाखा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या पेन्टेकॉस्टल चळवळीतून निघाली. त्यांच्या मते येशू हाच पिता, तोच आत्मा. म्हणजे मास्तरांची वाफ आणि बर्फ. साक्षीदारांचं उलट, देव म्हणजे फक्त यहोवा आणि येशू त्यानं निर्मिलेला. एरियसचे दूरचे भाऊबंद. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' (योहान १४:२८) हे वचन ते दाखवतात, तेव्हा मुख्य प्रवाहातले 'मी आणि पिता एक आहोत' (१०:३०) दाखवतात. दोन्ही वचनं एकाच शुभवर्तमानात आहेत, म्हणून तर इतका खल झाला.
शब्द बायबलात नाही हेही खरं. पण बाप्तिस्म्याची आज्ञा मत्तयाच्या शेवटी आहे: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं. तीन जणांची यादी, आणि 'नाव' एकवचनी. आणखी एक, प्रामाणिकपणे: योहानाच्या पहिल्या पत्रातलं (५:७) स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही, नंतर शिरलेलं आहे. त्याच्या जोरावर कोणी वाद घालत असेल तर घालू नये.

पूर्णाकाठ
बापरे, एवढं होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आज पोरांना बसवून यातलं थोडं सांगितलं. ठरलं असं: ख्रिश्चन धर्मापुढे 'एक' आणि खाली बारीक अक्षरात 'पिता, पुत्र, पवित्र आत्मा'. ते बारीक अक्षर त्या मुलानं स्वतः लिहिलं. दत्ताचं उदाहरण मी दिलं नाही, माहूरगड यांचाही मान राहिला. तेहतीस कोटींचा वाद मात्र अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.

मेणबत्ती
छान ताई. पण मंडळी, अख्ख्या धाग्यात पवित्र आत्म्याला कोणी विचारलंच नाही! सगळे पुत्रावरच भांडले.

पोथीवाला
इतिहासातही असंच झालं. ३२५ च्या मतांगीकारात (श्रद्धा सांगणारं ठरलेलं निवेदन) आत्म्याबद्दल नुसतं 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढंच आहे. ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलला पुढचं आलं: जीवन देणारा प्रभू, पित्यापासून निघणारा, पिता-पुत्रासह ज्याची आराधना होते. नंतर पश्चिमेकडच्या चर्चनं 'आणि पुत्रापासून' असं मध्ये घातलं. पूर्वेकडच्यांना ते आजही मान्य नाही. १०५४ च्या फाटाफुटीमागचं ते एक कारण.

नास्तिक_नाना
म्हणजे अजून भांडण शिल्लक आहे? मास्तर, तुमच्याकडे कसं म्हणतात?

संडेस्कूल_मास्तर
'पिता व पुत्र यांपासून.' आमच्या दवाखान्यातल्या केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स नर्सबाई मात्र तेवढंच गाळून म्हणतात. शेजारी शेजारी उभं राहून म्हणतो, कोणी कोणाला अडवत नाही.

लिंबूटिंबू_लातूर
यावर नवीन धागा काढा बरं. माझा हुरडा संपला, भाजून आणतो.